परीक्षेची चिंता मोजून झाली, आता परीक्षेची खोली मोजा

माननीय कुलगुरू
आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे सर्व सदस्य,

सविनय नमस्कार.

उन्हाळी परीक्षांचे वेळापत्रक जाहीर झाले आहे. पदवीचे बहुतेक पेपर यंदाही दुपारी दोन ते पाच या सत्रात आहेत आणि ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून थेट मेच्या मध्यापर्यंत चालणार आहेत. सत्र बदलावे म्हणून आम्ही काही प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी दिलेल्या निवेदनाला उत्तर मिळालेले नाही. त्याच सुमारास आमच्या विभागातल्या एम.ए.च्या एका विद्यार्थिनीचा संशोधन प्रकल्पाचा विषय परत आला. परीक्षा चिंतेची चाचणी घेताना तिला परीक्षा केंद्रातले तापमान, चालू पंखे आणि पिण्याच्या पाण्याची सोय यांचीही नोंद करायची होती. त्यावर शेरा आला की केंद्रावरची व्यवस्था हा प्रशासनाचा विषय आहे, मानसशास्त्राचा नव्हे. हे दोन कागद एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर आले. ते शेजारी ठेवून वाचल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मानसशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातल्या अनेकांचे आईवडील दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपला की परततात. मागे राहिलेली मुले आजीजवळ किंवा वसतिगृहात राहून शिकतात. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा ही मुले प्राथमिक शाळेत होती. आज ती पदवीला आहेत, आणि बऱ्याच घरांत पदवीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच माणूस आहे. परीक्षेत मी पर्यवेक्षक म्हणून अशाच मुलांच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे परीक्षेच्या खोलीत, उभी असते. वर्षभर वर्गात उदाहरणे देऊन मुद्दा मांडणारा मुलगा चार वाजता पेन हातात धरून नुसता बसलेला दिसतो. पेपरनंतर विचारले की म्हणतो, "मॅडम, येतंय सगळं, पण तिथं बसलं की काहीच सुधरंना."

अशा मुलाला आमचे शास्त्र परीक्षा चिंतेने ग्रासलेला म्हणते. या संकल्पनेचा अभ्यास जुना आहे. 1952 मध्ये येल विद्यापीठात जॉर्ज मँडलर आणि सेमूर सॅरासन यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच त्याची पायाभरणी केली. 1967 मध्ये लिबर्ट आणि मॉरिस यांनी या चिंतेचे दोन भाग वेगळे केले. एक भाग डोक्यात फिरणारी काळजी, म्हणजे 'आता विषय राहणार, घरी काय सांगू' हा घोष. दुसरा अंगात उठणारा क्षोभ: छातीची धडधड, घाम, हाताची थरथर. 1980 मध्ये आलेली स्पीलबर्गर यांची 20 विधानांची चाचणी याच दोन भागांवर उभी आहे. 1988 मध्ये हेम्ब्री यांनी 562 अभ्यास एकत्र तपासले. चिंता वाढली की गुण घसरतात आणि योग्य उपायांनी ही चिंता कमी करता येते, हे त्यातून पुढे आले. एवढे आम्ही वर्गात शिकवतो आणि त्याबद्दल आमचे दुमत नाही.

माझी पहिली तक्रार आपल्याकडच्या संशोधनाच्या ठरून गेलेल्या साच्याबद्दल आहे. परीक्षा चिंतेवरचे आपले बरेचसे लघुप्रबंध एकाच मांडणीचे असतात. निम्मे मुलगे, निम्म्या मुली. निम्मे ग्रामीण, निम्मे शहरी. चाचणी भरून घ्यायची, दोन गटांतला फरक तपासणारे टी-मूल्य काढायचे, 0.05 किंवा 0.01 स्तरावर फरक सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नसावा असा, आला की लिहायचे: मुलींमध्ये चिंता अधिक, ग्रामीण विद्यार्थ्यांमध्ये चिंता अधिक. शेवटच्या प्रकरणात शिफारशी येतात. विद्यार्थ्यांनी योग-प्राणायाम करावा, वेळेचे नियोजन करावे, पालकांनी अपेक्षा लादू नयेत. परीक्षा विभागाला उद्देशून केलेली एकही शिफारस माझ्या वाचनात आलेली नाही. चिंता विद्यार्थ्याची, आणि उपायही त्यानेच करायचा.

ज्या खोलीत ही चिंता उठते ती खोली मात्र त्या प्रबंधात कुठेच नसते. प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकात आम्ही मुलांना जर्नलमध्ये लिहायला लावतो की प्रयोगाच्या वेळी प्रकाश, आवाज आणि तापमान योग्य होते, प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला त्याला, आरामात बसवले होते. तसे नसेल तर निष्कर्ष धरायचा नाही, असे शिकवतो. मग ज्या तीन तासांवर मुलाचे वर्ष ठरते, त्या तीन तासांत यातले काय होते ते कुणी लिहायचे?

दुपारच्या सत्रात काय होते ते मी सांगते. जुन्या इमारतींत वर्ग कमी पडतात म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये ब्लॉक लावले जातात. एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे पारा 40 च्या वर जातो. पत्रा सकाळपासून तापत असतो आणि दोन वाजता त्याची धग थेट डोक्यावर येते. दोन रांगांमध्ये एक पंखा, आणि वीज गेली की तोही बंद. मनगटाच्या घामाने उत्तरपत्रिका ओली होते, शाई फुटते. मुले मनगटाखाली रुमाल ठेवून लिहितात. पाण्याचा जार व्हरांड्यात असतो आणि तीनच्या सुमारास रिकामा होतो.

आता त्या चाचण्यांकडे पुन्हा पाहा. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, घाम सुटतो, लक्ष एका जागी राहत नाही, अशा धर्तीची विधाने त्यांत असतात. उन्हातून आलेल्या आणि पत्र्याखाली बसलेल्या निरोगी माणसाच्या शरीरात हेच घडते. पेपर सुटल्यावर त्या मुलाकडून चाचणी भरून घेतली तर गुणांकात चिंता किती आली आणि ऊन किती आले, हे वेगळे करता येत नाही. त्यातून उष्णता गुणही कमी करते आणि चिंतेचा गुणांकही फुगवते. मग दोन्हींचा सहसंबंध सार्थ येतो आणि आपण लिहून मोकळे होतो की चिंतेमुळे गुण घसरले. हे तिसरे परिवर्त्य आहे, म्हणजे दोन्ही गोष्टींना एकाच वेळी हलवणारा बाहेरचा घटक, आणि संशोधन पद्धतीच्या पहिल्या पाठातच त्याची सूचना दिलेली असते. माझी विद्यार्थिनी नेमके तेच मोजायला निघाली होती. तिचा विषय मानसशास्त्राचा नाही, असे म्हणणाऱ्याला मी नम्रपणे सांगते की तो मानसशास्त्राच्या अगदी गाभ्याचा आहे.

उष्णता गुण कमी करते, हा माझा अंदाज नाही. न्यू यॉर्क शहरातल्या सरकारी शाळांच्या परीक्षांचे विद्यार्थीनिहाय निकाल आर. जिसुंग पार्क या अभ्यासकाने हवामानाच्या नोंदींशी जुळवून पाहिले. साधारण 32 अंशांचा दिवससुद्धा तिथे गुण खाली ओढायला पुरेसा ठरला, आणि त्याचा परिणाम पुढे शाळा पूर्ण होण्याच्या शक्यतेपर्यंत पोहोचला. गरम दिवशी झालेल्या परीक्षेनंतर काठावर अडकलेल्या मुलांना तपासणारे शिक्षक थोडे वर ढकलत होते, हेही त्या आकड्यांत दिसले. म्हणजे वर्गात उभ्या असलेल्या माणसाला काय घडले ते कळत होते. बोस्टनमध्ये 2016 च्या उष्णतेच्या लाटेत 44 तरुण विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. वातानुकूलन नसलेल्या वसतिगृहात राहणाऱ्यांची प्रतिक्रिया सकाळच्या चाचण्यांत सुमारे 13 टक्क्यांनी मंदावलेली आढळली. तिथली लाट म्हणजे आपल्याकडचा फाल्गुन-चैत्र. आपल्या वैशाखातल्या आकड्यांचा अभ्यास आपल्यावाचून दुसरे कोण करणार?

मुलींबद्दल थोडे थांबून सांगते, कारण 'मुलींमध्ये चिंता अधिक' हे वाक्य मी फार वेळा वाचले आहे. केंद्रावरचे मुलींचे स्वच्छतागृह बंद असते, पाण्याविना असते किंवा त्याला कडी नसते. म्हणून मुली पेपरच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. हे त्या आईला सांगत नाहीत, पण आपसात ठरवून करतात. पाळीचे दिवस असतील तर हाल विचारू नका. अकरा-बाराच्या उन्हात एसटीने किंवा वडापने प्रवास, मग तीन तास पत्र्याखाली, आणि पोटात पाणी नाही. या मुलीच्या चाचणीतला गुणांक जास्त आला तर तो तिच्या स्वभावाचा दोष म्हणून नोंदवू नका. ग्रामीण विद्यार्थ्यांचेही तसेच आहे. शहरातल्या मुलाचे केंद्र दहा मिनिटांवर असते. खेड्यातल्या मुलाला पाचनंतर परतीची गाडी मिळेल की नाही, याची काळजी शेवटचा प्रश्न सोडवतानाही सोडत नाही.

या पाचच्या गाडीवरून मला डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांचे 1970 च्या आसपासचे प्रयोग आठवतात. पर्यावरणीय ताणाच्या अभ्यासातले ते मोठे काम आहे. त्यांनी लोकांना मोठा, अनियमित आवाज ऐकवला. आवाज सुरू असताना बहुतेकांनी कामे बरी केली. आवाज थांबल्यानंतर मात्र न सुटणारी कोडी ते लवकर सोडून देऊ लागले आणि मुद्रितशोधनात जास्त चुका करू लागले. दुसऱ्या गटाला सांगितले होते की फारच त्रास झाला तर हे बटण दाबा, आवाज बंद होईल. त्यांतल्या बहुतेकांनी बटण दाबलेच नाही, तरी नंतर त्यांची चिकाटी टिकली. गोंगाट तोच होता, पण तो आपल्या हातात आहे एवढी जाणीव पुरली. आपल्या परीक्षेत विद्यार्थ्याच्या हातात काय आहे? पंखा बंद आहे असे सांगायचे कुणाला, हे हॉल तिकिटावर छापलेले नसते. पेपरची तारीख बदलल्याचे आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळते. केंद्र ऐनवेळी बदलते. जागा बदलून मागितली तर कॉपीचा संशय येतो. ताण तर आहेच, वर तो थांबवण्याचे बटण कुठेच नाही.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आहे, जी खोलीत दिसत नाही. भारतातल्या मुलांच्या चाचण्यांचे आकडे घेऊन गर्ग, जगनानी आणि ताराझ यांनी 2020 मध्ये दाखवले की आधीच्या वर्षी तीव्र उन्हाचे दिवस जास्त असतील तर पुढच्या वर्षी मुलांचे गणिताचे आणि वाचनाचे गुण घसरतात, कारण पीक आणि घरातली मिळकत घसरते. जिथे रोजगार हमीचे काम पोहोचले तिथे ही घसरण कमी झाली. 1972 च्या दुष्काळात ज्या महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली, त्याने हे वाचून अभिमान बाळगावा आणि पुढचा विचारही करावा. शासन दुष्काळ जाहीर करते तेव्हा सवलतींच्या यादीत परीक्षा शुल्काची माफी असते. म्हणजे पावसाचा आणि परीक्षेचा संबंध सरकारदरबारी मान्य आहे, पण तो पावतीपुरता. वेळापत्रक ठरवताना दुष्काळ कुणी विचारात घेत नाही. मात्र तारखा हलू शकतात. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली गावे पाण्याखाली गेली, तेव्हा महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने 28 सप्टेंबरची पूर्वपरीक्षा 9 नोव्हेंबरला नेली. पूर डोळ्यांना दिसतो. ऊन रोजचे, म्हणून ते कुणाला आपत्ती वाटत नाही.

चाचण्या भरून घेण्याच्या पद्धतीबद्दलही बोलायला हवे. तासाला आलेल्या मुलांना प्रश्नावली वाटली जाते. नाही म्हणायची मुभा आहे, असे कुणी सांगत नाही. निकाल कळवला जात नाही. एका मुलाने मला विचारले होते, "मॅडम, मागच्या वर्षी भरलेल्या फॉर्मचं काय झालं?" तो फॉर्म बांधणी होऊन ग्रंथालयात गेला होता. ज्याचा गुणांक फार वर आला, त्याला कुणी बोलावून विचारलेसुद्धा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. अशा काळात तीव्र चिंता असलेली मुले शोधून काढायची आणि फाईल मिटायची, हे मला संशोधन वाटत नाही.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा आणि परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांच्या लहान गटांना मार्गदर्शक नेमून द्यावेत, असे त्यांत स्पष्ट आहे. आमच्या भागातल्या अनेक महाविद्यालयांत हे काम कागदावर मानसशास्त्राच्या प्राध्यापकाकडे असते, आणि तो बऱ्याचदा तासिका तत्त्वावर असतो. परीक्षेच्या काळात त्याचे तास बंद, म्हणून मानधन बंद, म्हणून तो गावी. ज्या दिवसांत मुलांना त्याची सर्वांत जास्त गरज, त्या दिवसांत त्याची खुर्ची रिकामी.

आपली अडचण मला माहीत आहे. विषय वाढले, सत्रे वाढली, खोल्या तेवढ्याच आणि पर्यवेक्षक कमी. दोन सत्रांत पेपर घेतले नाहीत तर परीक्षा लांबतात, मग निकाल लांबतात, आणि निकालाची मुदत कायद्याने बांधलेली आहे. सकाळी लवकर पेपर ठेवला तर खेड्यातून पहिली एसटी पोहोचत नाही, हेही खरे आहे. सात वाजताचा पेपर मी स्वतः मागणार नाही. पण शासनच सांगते की उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, आणि दोनच्या पेपरसाठी मुलाला नेमके त्याच वेळी घराबाहेर पडावे लागते. जिल्हा परिषदेच्या शाळा उन्हाळ्यात सकाळी भरतात. महाविद्यालयातल्या मुलाचे शरीर काही वेगळे नसते.

म्हणून मागण्या करते. 15 एप्रिलनंतरचे सर्व लेखी पेपर सकाळी साडेआठ ते साडेअकरा या एकाच सत्रात घ्यावेत. त्यासाठी परीक्षा मार्चच्या सुरुवातीला सुरू कराव्या लागल्या तर अध्यापनाचे वेळापत्रक तसे आखावे. विद्यार्थ्याला घराजवळचे केंद्र मिळावे आणि परीक्षेच्या दिवसांत सकाळच्या फेऱ्यांसाठी विद्यापीठाने एसटीच्या विभाग नियंत्रकांशी लेखी बोलणी करावीत. यंदाचे वेळापत्रक लागून गेले असले तरी त्यातले मे महिन्यातले पेपर अजून हलवता येतात.

पत्र्याच्या शेडमध्ये ब्लॉक लावण्यास बंदी असावी. केंद्राला मान्यता देण्याआधी पंखे, वीज गेल्यावरची सोय, प्रत्येक मजल्यावर पाणी आणि मुलींचे पाणी असलेले, कडी असलेले स्वच्छतागृह यांची प्रत्यक्ष पाहणी व्हावी. या पाहणीत किमान एक विद्यार्थिनी असावी. विद्यार्थ्याला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी. केंद्रावरच्या गैरसोयीची तक्रार कुणाकडे करायची, त्याचे नाव आणि क्रमांक हॉल तिकिटावर छापावा. पेपरच्या तारखेतला बदल किमान सात दिवस आधी कळवावा. आपत्ती असेल तर गोष्ट वेगळी.

प्रत्येक ब्लॉकमध्ये एक साधा तापमापक लावावा. पर्यवेक्षक उपस्थिती आणि उत्तरपत्रिकांची नोंद करतोच, त्याच अहवालात सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान, आणि वीज गेली असल्यास किती वेळ गेली, हे लिहावे. खर्च नगण्य आहे. दोन-तीन वर्षांत विद्यापीठाकडे मराठवाड्याच्या परीक्षा केंद्रांची अशी नोंद तयार होईल, जिच्या जोरावर पुढचे निर्णय अंदाजाने घ्यावे लागणार नाहीत. ही नोंद नावे वगळून संशोधकांना खुली करावी.

समुपदेशकाची नेमणूक न्यायालयाच्या सूचनेप्रमाणे व्हावी आणि परीक्षेचे दिवस त्याच्या सेवेत धरून त्यांचे मानधन मिळावे. तोवर 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, क्रमांक प्रत्येक हॉल तिकिटावर आणि प्रत्येक केंद्राच्या दारावर लावावा.

संशोधन समितीकडे तीन गोष्टी मागते. विद्यार्थ्यांकडून चाचणी भरून घेताना लेखी संमती आणि नकाराची मुभा सक्तीची करावी. निष्कर्ष त्या महाविद्यालयाला आणि त्या विद्यार्थ्यांना सोप्या मराठीत कळवले जावेत, आणि तीव्र चिंता आढळलेल्यांना समुपदेशकापर्यंत नेल्याशिवाय प्रकल्प पूर्ण मानू नये. आणि माझ्या विद्यार्थिनीचा परत पाठवलेला विषय पुन्हा विचारात घ्यावा. तिला या उन्हाळ्यात केंद्रावर तापमापक घेऊन बसायची परवानगी हवी आहे. विषय याच महिन्यात मंजूर झाला तरच हा हंगाम तिला मिळेल.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावे आणि प्रत्येक मागणीवर होकार किंवा नकार, नकार असेल तर कारणासह, लेखी कळवावा, ही विनंती. बैठकीत बाजू मांडण्यासाठी मी आणि माझे विद्यार्थी स्वखर्चाने यायला तयार आहोत.

आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक प्राध्यापिका
जि. बीड